रिपोर्टवर ‘असामान्य लिम्फोसाइट २२%’ आलंय : ईबीव्ही झालेल्या मुलांचे रिपोर्ट वाचायचे कसे?

पायवाट

एरवी इथे नुसती वाचायला येते. आज लिहितेय, कारण गेल्या तीन आठवड्यांत आम्हाला आजारापेक्षा कागदांनी जास्त छळलं.

लेक साडेचार वर्षांची. आधी दोन दिवस नुसती किरकिर, मग ताप. १०२ च्या खाली येईना. चौथ्या दिवशी टॉन्सिलवर पांढरट थर, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, मान वळवली की बाहेरूनही दिसतील एवढ्या. आणि सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या, रात्रभर रडल्यासारख्या. सहाव्या दिवशी रक्त दिलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला : पांढऱ्या पेशी १८,४००, लिम्फोसाइट ६८%, पुढे ठळक बाण, आणि शेऱ्यात एक ओळ, ‘असामान्य लिम्फोसाइट २२%, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’

डॉक्टर सकाळी भेटणार होत्या. मधली रात्र आमची होती. नवरा एका मोबाइलवर, मी दुसऱ्या, आणि दोघंही एकमेकांपासून स्क्रीन लपवतोय. ‘असामान्य लिम्फोसाइट’ शोधलं की चार ओळींत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, येतोच. तो शब्द आम्ही दोघांनीही वाचला होता आणि दोघांनीही उच्चारला नाही.

सकाळी डॉक्टरांनी रिपोर्टला हात लावायच्या आधी तिच्या पापण्या बघितल्या, घसा बघितला, पोट चाचपलं, आणि म्हणाल्या, ‘हे ईबीव्ही असावं. एपस्टीन-बार विषाणू.’ मग पुढच्या तपासण्या. मोनोस्पॉट नावाची झटपट तपासणी निगेटिव्ह. दोन दिवसांनी अँटिबॉडी : व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह. यकृताचं एएलटी १४०. दाह दाखवणारा सीआरपी १८. प्लीहा बोटभर वाढलेली.

आता ताप नाही, गाठी बसत आल्यात, डॉक्टर निर्धास्त आहेत. मीच नाहीये. मोनोस्पॉट निगेटिव्ह तर आजार कसला? आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग नवा की जुना? आणि ते २२% नक्की काय होतं? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण मांडीवर रडणारं मूल असताना कानात काय शिरतंय! कुणी सावकाश समजावेल का?

झुळूक

बापरे, ती रात्र डोळ्यासमोर आली. लेकीला लवकर बरं वाटू दे. माहिती नाही, पण वाचतेय.

स्लाइडखाली

आधी त्या २२% च्या ओळीबद्दल, कारण तसल्या ओळी मी रोज लिहितो. पॅथॉलॉजिस्ट आहे. ‘असामान्य’ हा आमच्या धंद्यातला जुना शब्द आणि तो वाईट निवडलेला आहे. आता बरेच जण ‘रिअॅक्टिव्ह’ लिहितात, म्हणजे कशाला तरी उत्तर म्हणून बदललेल्या. पण मशीन आणि जुने साचे जुनाच शब्द छापतात.

स्लाइडवर काय दिसतं ते सांगतो. नेहमीची लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, लहानखुरी. गोल, गडद केंद्रक आणि त्याभोवती जेमतेम एक निळसर कड. ईबीव्हीच्या मुलाच्या स्लाइडवर या पेशी दुप्पट-तिप्पट मोठ्या दिसतात, केंद्रकाभोवती ऐसपैस फिकट निळा भाग असतो आणि शेजारी लाल पेशी असेल तर त्या भागाची कड तिला वळसा घालून चिकटते. ओलं कापड अंगाला चिकटावं तशी. कडेला निळा रंग जरा गडद. एकदा बघितली की विसरत नाही. या पेशींचं नीट वर्णन डाउनी आणि मॅकिनले यांनी १९२३ मध्ये केलं, म्हणून जुने लोक त्यांना डाउनी पेशीच म्हणतात.

ल्युकेमियाशी गोंधळ होऊ शकतो, खोटं कशाला सांगू? म्हणूनच मशीनने खूण केलेली स्लाइड माणसाने बघायची असते. फरक असा की ल्युकेमियातल्या पेशी एका साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या असतात. ईबीव्हीत प्रत्येक पेशी वेगळी, कुणी मोठी, कुणी वाकडी, कुणाचं केंद्रक मूत्रपिंडासारखं. शिवाय हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बहुधा जागेवर असतात. तुमच्या लेकीचे ते दोन आकडे काय होते? लिहिलेले नाहीत तुम्ही.

आता महत्त्वाचं. या मोठ्या पेशींमध्ये विषाणू नसतो! ईबीव्ही शिरतो तो बी पेशींमध्ये, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये, त्यांच्या अंगावरच्या सीडी२१ नावाच्या कडीला धरून. आणि रक्तात जी गर्दी दिसते ती त्या बी पेशींना मारायला निघालेल्या सीडी८ टी पेशी या दुसऱ्या जातीच्या लिम्फोसाइटची. दंगल झाली म्हणून गल्लीत पोलिसांच्या गाड्या उभ्या आहेत, आणि आपण गाड्या मोजून म्हणतोय की केवढे हे दंगेखोर!

पायवाट

हिमोग्लोबिन ११.६, प्लेटलेट २ लाख १० हजार. पोलिसांच्या गाड्या! हे त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर.

शंकासुर

दोन शंका. एक, ६८% लिम्फोसाइट म्हणजे जास्तच ना? बाण उगाच छापलाय का? दोन, बाकी सगळे विषाणूही बी नाहीतर दुसऱ्या कुठल्या पेशींत शिरतातच की, मग एवढी फौज यालाच का?

स्लाइडखाली

बाणाबद्दल : पुष्कळ ठिकाणी रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, लिम्फोसाइट २० ते ४०%. लहान मुलांत गणितच उलटं. जन्मानंतर पहिल्या आठवड्याच्या सुमारास लिम्फोसाइट न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना मागे टाकतात आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत पुढेच राहतात. दोन वर्षांच्या ठणठणीत मुलात ६०% लिम्फोसाइट हे अगदी रोजचं. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीत ६८% थोडे जास्त, पण बाण बघून वाटतात तेवढे नाहीत. हाच आकडा वीस वर्षांच्या मुलाचा असता तर मी खुर्चीत सरळ बसलो असतो. तसं बघितलं तर अशी गल्लत मी रोज बघतो : आईबाप बाण मोजतात आणि वयाचा रकाना कुणी बघत नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर बालरोगवाल्या कुणीतरी द्यावं.

वर्गाबाहेर

मी बालरोगतज्ज्ञ, धागा उशिरा दिसला. शंकासुर, प्रश्न छान आहे. ईबीव्ही आपल्या बी पेशींना नुसतं वापरत नाही, त्यांना वाढत राहायला लावतो. प्रयोगशाळेत ईबीव्हीने बाधित बी पेशी वाढवत ठेवल्या तर त्या थांबायचं नाव घेत नाहीत. शरीरात त्यांना थांबवायचं काम टी पेशींचं. म्हणून फौज मोठी. १९९० च्या दशकाच्या शेवटी जेव्हा या टी पेशी नेमक्या कशावर रोखलेल्या आहेत हे मोजता येऊ लागलं, तेव्हा काही रुग्णांत एकूण सीडी८ पेशींपैकी ४०% च्या आसपास पेशी विषाणूच्या एकाच प्रथिनाच्या एकाच तुकड्याला ओळखणाऱ्या निघाल्या. एकाच तुकड्याला!

ताप, गाठी, थकवा, सुजलेला घसा, वाढलेली प्लीहा, चढलेलं एएलटी, यातलं बरंचसं विषाणूने थेट केलेलं नसतं. ते त्या फौजेच्या धुडगुसाचं असतं. एक-दोन वर्षांच्या मुलांना ईबीव्ही होतो तेव्हा बहुतेकदा साध्या सर्दीतापापलीकडे काही दिसतही नाही. तोच विषाणू पंधरा-सोळाव्या वर्षी पहिल्यांदा भेटला की तीन आठवडे झोपवतो. जगभरातल्या प्रौढांपैकी ९०% हून जास्त लोकांना हा होऊन गेलेला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना कधी झाला ते माहीत नाही. हा धागा वाचणाऱ्यांपैकीही.

पायवाट, मोनोस्पॉटबद्दल. ती तपासणी ईबीव्हीच्या अँटिबॉडी शोधतच नाही. ऐकायला विचित्र आहे पण खरं आहे. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल या दोघांना दिसलं की या आजाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवाने मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या होतात. मेंढीचा आणि या आजाराचा काही संबंध नाही. विषाणूने बी पेशींना भडकवल्यावर त्या जी सटरफटर अँटिबॉडी बनवतात, त्यातली एक योगायोगाने मेंढीच्या आणि घोड्याच्या लाल पेशींना चिकटते. तिला हेटरोफाइल म्हणतात. मोनोस्पॉटमध्ये घोड्याच्या पेशी वापरतात. मोठ्या मुलांत आणि तरुणांत ही युक्ती चालते. चार वर्षांखालच्या मुलांत ती निम्म्याहून अधिक वेळा निगेटिव्ह येते, कारण ती सटरफटर अँटिबॉडी ते फारशी बनवतच नाहीत. पहिल्या आठवड्यात तर मोठ्यांतही चुकते. तुमची लेक साडेचारची, म्हणजे त्याच सीमेवरची. लहान मुलात निगेटिव्ह मोनोस्पॉटला मी जवळजवळ काहीच किंमत देत नाही.

दोन पोरांचा बाप

+१. आमच्या धाकट्याला तीन वर्षांचा असताना मोनोस्पॉट निगेटिव्ह म्हणून ‘ईबीव्ही नाही’ असं ठोकून सांगितलं होतं, आणि घशासाठी अमॉक्सिसिलिन दिलं. चौथ्या दिवशी पोरगं डोक्यापासून पायापर्यंत लालभडक. खाज नाही फारशी, पण बघवत नव्हतं. मग कागदावर मोठ्या अक्षरात ‘पेनिसिलिन अॅलर्जी’ लिहून दिलं. ते खरं का, हे आजवर कळलेलं नाही.

वर्गाबाहेर

बहुधा खरं नाही. ईबीव्ही चालू असताना अॅम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर असं पुरळ उठतं. जुन्या पुस्तकांत ८० ते १००% मुलांना उठतं असं लिहिलेलं असे. नंतरच्या पाहणीत अमॉक्सिसिलिनसाठी हा आकडा ३०% च्या आसपास आला. त्या वेळी टी पेशी इतक्या तापलेल्या असतात की एरवी चालणारं औषधही त्यांना खुपतं. बहुतेक मुलांना पुढे तेच औषध चालतं. पण हे घरी करून बघायचं नाही. अॅलर्जीतज्ज्ञाकडे देखरेखीखाली तपासून तो शिक्का पुसून घ्या, नाहीतर आयुष्यभर एक स्वस्त आणि चांगलं औषध वर्ज्य होऊन बसतं.

पायवाट

आणि त्या तीन अँटिबॉडी? माझं डोकं तिथेच अडकलंय.

स्लाइडखाली

हा माझा आवडता भाग. इथे रिपोर्ट म्हणजे एखाद्या दिवशीचा फोटो, आणि फोटोवर तारीख नसेल तर काही अर्थ नाही. तारीख म्हणजे कॅलेंडरची नव्हे, आजाराची.

व्हीसीए म्हणजे विषाणूच्या कवचाचं प्रथिन, आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे दोन प्रकार. लक्षणं सुरू होतात त्या सुमाराला व्हीसीए आयजीएम वर आलेलं असतं. महिना-दीड महिना, कधी तीन महिने टिकतं आणि जातं. व्हीसीए आयजीजी त्याच्या पाठोपाठ, बहुधा लक्षणांबरोबरच, आणि ते जन्मभर राहतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्ही पॉझिटिव्ह असणं यात गूढ काही नाही. लोकांच्या डोक्यात ‘आयजीएम म्हणजे नवं, आयजीजी म्हणजे जुनं’ असं पक्कं बसलेलं आहे, ते इथे फसवतं. कारण असं की संसर्गापासून लक्षणांपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तुम्हाला ताप आला तो पहिला दिवस, विषाणूच्या हिशेबाने तो चाळिसावा. आयजीजी बनायला तोवर भरपूर वेळ मिळालेला असतो. (आणि म्हणूनच ‘कुणाकडून लागलं’ हे शोधण्यात अर्थ नाही. सव्वा महिन्यापूर्वी कुणाचा उष्टा पेला तोंडाला लावला ते कुणाला आठवतंय!)

तिसरी अँटिबॉडी ईबीएनएवरची. हे प्रथिन विषाणू बी पेशीत मुक्काम ठोकून बसतो तेव्हाचं, आणि त्यावरची आयजीजी खूप सावकाश उगवते, लक्षणांनंतर दोन ते चार महिन्यांनी. ती दिसली की समजायचं, संसर्गाला बरेच दिवस झाले. तुमच्या रिपोर्टमध्ये ती निगेटिव्ह आहे. म्हणजे आयजीएम आहे, आयजीजी आहे, ईबीएनए नाही : ताजा, पहिलाच संसर्ग. इतका स्वच्छ रिपोर्ट दरवेळी मिळत नाही.

मिळत नाही तेव्हा कसा असतो तेही सांगतो. आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनएही पॉझिटिव्ह असेल तर मी ताजा ईबीव्ही म्हणायला कचरतो. आयजीएम दुसऱ्या कशानेही खोटं उठतं, सायटोमेगॅलो विषाणूने तर हमखास गोंधळ होतो. आणि सुमारे ५% लोकांत ईबीएनए कधी उगवतच नाही, त्यामुळे नुसतं ‘नाही’ बघून निष्कर्ष काढायचा नाही. तान्ह्या बाळात आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर ती बाळाची नव्हे, आईकडून नाळेतून आलेली, आणि ती काही महिने रेंगाळते.

कानोसा

दंडवत घ्या. वाचनखूण साठवली आहे.

शंकासुर

सगळं ठीक. आता कडू प्रश्न. ईबीव्हीवर औषध नाही. मग या सगळ्या तपासण्या कशाला? ताप उतरवा, पाणी पाजा, वाट बघा. व्हीसीए काय, ईबीएनए काय, मुलाच्या हातात सुया टोचून आईबापांची हौस भागवायची. आमच्या लहानपणी कोण करत होतं हे?

पायवाट

हौस? त्या रात्री माझ्या जागी असतात तर कळलं असतं.

वर्गाबाहेर

पायवाट, रागावू नका. शंकासुरांचं अर्धं म्हणणं मला पटतं. चित्र स्पष्ट असेल, मूल खेळत असेल तर मी अँटिबॉडी करत नाही, आणि सीडी४ आणि सीडी८ या दोन प्रकारच्या टी पेशींचं गुणोत्तर वगैरे तर नाहीच. पण उरलेलं अर्धं पटत नाही. औषध नसलं तरी नाव कळल्याने तीन गोष्टी बदलतात. अँटिबायोटिक थांबतं. ल्युकेमियाच्या भीतीने पुढे जे काय झालं असतं, अस्थिमज्जेच्या तपासणीपर्यंत, ते टळतं. आणि प्लीहेकडे लक्ष जातं. ती फुटण्याचं प्रमाण हजारात एक ते पाच, पण फुटली तर जीवावर बेततं, आणि बहुतेकदा पहिल्या तीन आठवड्यांत. म्हणून किमान तीन आठवडे उड्या, धक्काबुक्की, कुस्ती बंद. नाव माहीत नसतं तर ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला खेळायला सोडलं असतं.

आणि आपल्या लहानपणी हे करत नव्हते हे खरं, पण आपल्या लहानपणी ‘गाठीचा ताप’ म्हणून किती मुलांना नको ती औषधं पाजली त्याचाही कुणी हिशेब ठेवलेला नाही.

झुळूक

गुणोत्तराचा उल्लेख आला म्हणून विचारते. माझ्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये एका ठिकाणी ‘सीडी४:सीडी८ उलटं’ असं आलं होतं, ०.४ की काय. वहिनीने कुठेतरी वाचलं की हे एचआयव्हीत होतं. दोन दिवस घरात कुणी जेवलं नव्हतं.

स्लाइडखाली

साधा अपूर्णांक आहे. वर सीडी४, खाली सीडी८. एचआयव्हीत वरचा आकडा घटतो. ईबीव्हीत खालचा फुगतो. भागाकार दोन्हीकडे एकच येतो. म्हणून गुणोत्तर एकटं कधीच बघू नये, दोन्ही पेशींची प्रत्यक्ष संख्या बघावी. ईबीव्हीतलं उलटलेलं गुणोत्तर काही आठवड्यांत-महिन्यांत आपसूक सरळ होतं. सोबत सीडी८ पेशींवर एचएलए-डीआर आणि सीडी३८ या खुणा चढलेल्या दिसतात, त्या फक्त एवढंच सांगतात की या पेशी कामावर आहेत. संशोधनात फार उपयोगी. रोजच्या दवाखान्यात, ताई, खरंच गरज नव्हती.

(एचआयव्हीची तपासणी मात्र डॉक्टरांनी कधी सांगितली तर वाईट वाटून घेऊ नये. ईबीव्हीसारखंच चित्र ताज्या एचआयव्हीतही दिसतं, सायटोमेगॅलोतही, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गातही.)

दोन पोरांचा बाप

सीआरपी राहिला. आमच्याकडे तर ताप आला की पहिलं सीआरपी. कमी आला की विषाणू, जास्त आला की जिवाणू. इतकं सोपं आहे का?

वर्गाबाहेर

असतं तर मी घरी बसले असते.

सीआरपी यकृत बनवतं, आयएल-६ नावाचा निरोप मिळाल्यावर. निरोप कुणी धाडला, जिवाणूने की विषाणूने की पडून झालेल्या जखमेने, ते यकृताला माहीत नसतं. वर चढायला सहा-बारा तास लागतात, शिखर गाठायला दीड-दोन दिवस. म्हणजे ताप येऊन चार तास झालेत आणि सीआरपी ३ आहे, तर त्या ३ चा अर्थ ‘अजून कळलेलं नाही’ असा होतो. याउलट अॅडिनो हा चक्क विषाणू, पण तो सीआरपी शंभराच्या वर नेऊन ठेवतो आणि घशावर पांढरा थरही देतो. भलेभले फसतात. ईबीव्हीत सीआरपी बहुधा थोडाच चढतो, पायवाटच्या लेकीसारखा.

प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातलं दुसरं मोजमाप जरा चतुर आहे. जिवाणूच्या मोठ्या संसर्गात चार-सहा तासांतच चढायला लागतं, आणि विषाणूच्या वेळी शरीर जे इंटरफेरॉन-गॅमा सोडतं ते त्याला दाबून ठेवतं. पण ते घसादुखीसाठी नव्हे, खरोखर आजारी दिसणाऱ्या मुलासाठी. एमएक्सए नावाचं आणखी एक प्रथिन आहे, ते टाइप-१ इंटरफेरॉनच्या हुकुमावरून बनतं, म्हणून ते चढलेलं असेल तर विषाणूचा संशय बळावतो. सीआरपी आणि एमएक्सए बोटाच्या थेंबात एकत्र मोजणाऱ्या पट्ट्या निघाल्या आहेत. कल्पना चांगली आहे. पण ज्या मुलाला एकाच वेळी दोन्ही झालेत त्याचं काय, तिथे पट्टीही माझ्याइतकीच बुचकळ्यात.

तुषार्त

लोकहो, मूळ मुद्दा प्रतिकारशक्ती कमी असण्याचा आहे. मुलीची इम्युनिटी वाढवणारं काहीतरी सुरू करा, असे आजार फिरकणार नाहीत.

स्लाइडखाली

वरचं सगळं वाचलंत का? तिची प्रतिकारशक्ती कमी नव्हती, ती गल्लीभर पसरली होती. आजार म्हणून जे दिसलं ते तीच. अजून वाढवायची म्हणता?

वर्गाबाहेर

आणि दुसऱ्या टोकाला, ती दाबण्यासाठी लगेच स्टिरॉइडही नको. श्वासनलिका सुजून श्वास अडत असेल, प्लेटलेट भयंकर पडल्या असतील, तर गोष्ट वेगळी. नुसता थकवा आणि गाठींसाठी नाही.

कानोसा

मला एक गोष्ट सांगायची आहे, घाबरवायला नाही. आमच्या नात्यात एका सहा वर्षांच्या मुलाला हाच ईबीव्ही. पण ताप दहाव्या, बाराव्या दिवशीही १०३-१०४. आणि पेशी वाढायच्या ऐवजी पडत गेल्या. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, तिन्ही. पहिल्या डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी दुसरीकडे नेलं, तिथे फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) केलं, तर १४ हजार. त्याच रात्री अतिदक्षता विभाग. मूल वाचलं. एचएलएच असं नाव सांगितलं होतं. हे नेमकं काय असतं?

वर्गाबाहेर

बरं झालं लिहिलंत. धाग्यात हे नसतं तर तो अपुरा राहिला असता.

वर म्हटलं ती फौज काम संपल्यावर पांगायला हवी. एचएलएचमध्ये ती पांगत नाही. टी पेशी आणि मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, एकमेकांना चिथावत राहतात आणि मॅक्रोफेज शेवटी अस्थिमज्जेत स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात. हे दुर्मीळ आहे, पण मुलांत संसर्गामुळे ते घडतं तेव्हा सर्वांत वर नाव ईबीव्हीचं. २००४ च्या निकषांत आठपैकी पाच गोष्टी लागतात : ताप, मोठी प्लीहा, किमान दोन प्रकारच्या पेशी कमी, ट्रायग्लिसराइड जास्त किंवा फायब्रिनोजन कमी, फेरिटिन ५०० किंवा वर, विरघळलेलं सीडी२५ २,४०० किंवा वर, एनके पेशींचं काम मंद, आणि पेशी गिळल्याचा पुरावा. फेरिटिन ५०० तर साध्या तापातही होतं. पण मुलात ते १० हजारांच्या वर गेलं की मी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एचएलएचच धरते.

एक बारीक खूण सांगते, कारण ती फसवी आहे. अशा मुलाचा ताप चढलेला असतो आणि ईएसआर, म्हणजे लाल पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, मात्र खाली येतो. पालक खूश होतात, कधी डॉक्टरही. ईएसआर खाली येतो कारण फायब्रिनोजन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, संपत चाललंय.

काही मुलग्यांत यामागे जन्मजात कारण असतं. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात दोष, १९९८ मध्ये ते जनुक सापडलं. ही मुलं एरवी ठीकठाक असतात, नेमका ईबीव्ही पेलत नाहीत. त्यामुळे घरात आईच्या बाजूने एखादा मुलगा ‘साध्या तापात’ गेल्याचा इतिहास असेल तर तो आपणहून सांगायचा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नये.

शंकासुर

हे वाचल्यावर माझा ‘हौस’ शब्द मागे घेतो. पायवाटताई, क्षमस्व.

तरी एक अवांतर. हा विषाणू सापडला कसा?

स्लाइडखाली

मागच्या दाराने. युगांडात डेनिस बर्किट या शल्यविशारदाला मुलांच्या जबड्यातल्या कर्करोगाच्या गाठी दिसत होत्या. १९६१ मध्ये त्यांचं लंडनमधलं व्याख्यान अँथनी एपस्टीन यांनी ऐकलं, गाठींचे नमुने मागवले, आणि १९६४ मध्ये एपस्टीन, अचाँग आणि इव्हॉन बार या तिघांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. तो गाठींचा विषाणू म्हणूनच ओळखला जात होता. मग फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली. तिच्या रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडी नसायच्या, म्हणून प्रयोगात तिचं रक्त ‘निगेटिव्ह’ म्हणून वापरत. आजारातून परत आली आणि तेच रक्त पॉझिटिव्ह. तिला झाला होता गाठींचा ताप. १९६८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तिचा आजारापूर्वीचा नमुना तारखेसकट फ्रीजमध्ये नसता, तर कोण जाणे किती वर्षं गेली असती.

झुळूक

किती भारी! पण तो विषाणू नंतर शरीरातच राहतो ना? मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचंही कुठेतरी वाचलं होतं.

वर्गाबाहेर

राहतो, स्मृती बी पेशींत, जन्मभर. अधूनमधून लाळेत उतरतो, आपल्याला पत्ताही नसतो. एमएसबद्दल २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून आलेला अभ्यास खरा आहे, ईबीव्ही झाल्यानंतर धोका बत्तीस पट वाढलेला दिसला. पण ईबीव्ही जवळजवळ सगळ्यांना होतो आणि एमएस फार थोड्यांना. त्यासाठी मुलांचं रक्त तपासत बसू नका. ईबीव्हीवर मान्यता मिळालेली लस अजून नाही.

पायवाट

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. सोनोग्राफीत प्लीहा पूर्ववत. एएलटी २८. सकाळच्या सुजलेल्या पापण्या गेल्या तेव्हाच मला आतून कळलं होतं, पण कागदावर बघून बरं वाटलं. डॉक्टरांना विचारलं, ईबीएनए आता आलं असेल का, बघायचं का? त्या म्हणाल्या, ‘आलं असेल तरी पोरगी अशीच धावेल आणि नसेल तरी अशीच.’ नाही केलं. जुने रिपोर्ट फाइलला लावताना प्रत्येकावर पेनाने लिहिलं : दिवस ६, दिवस ८, दिवस २४. ज्यावर बाण होता त्यावर तिचं वयही.

तिन्हीसांजा

नमस्कार, नवीन सदस्य. शोधता शोधता हा धागा सापडला. मुलाचा रिपोर्ट आत्ताच आलाय, लिम्फोसाइट ६१%, असामान्य ९%, मोनोस्पॉट निगेटिव्ह, सीआरपी ६. पुढे लाल बाण आहेत. कृपया कुणी लगेच सांगेल का, घाबरण्यासारखं आहे का?

स्लाइडखाली

वय किती? आणि आज तापाचा कितवा दिवस?